जमिनीला मीठ का फुटते?

शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो. आई कधी उपाशी ठेवणार नाही, असा त्याचा भरवसा असतो. पण आईसुद्धा आजारी पडते. आज आपण काळ्या आईच्या एका आजाराची माहिती करून घेऊ.

हा आजार उपासमारीने होत नाही. तो अतिलाडाने होतो. पाणी जादा झाले, खत जादा झाले, विसावा मिळेनासा झाला, म्हणजे हा आजार जमिनीत शिरतो. तो एका रात्रीत येत नाही. दहा-वीस वर्षे तो आत वाढत असतो. वर दिसू लागतो तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो.

सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांत उसाचा मोठा पट्टा आहे. कृष्णा, वारणा, पंचगंगा, नीरा, प्रवरा अशा नद्यांच्या काठी खोल काळी जमीन आहे. एके काळी या जमिनीचा साऱ्या मुलखाला हेवा वाटे. त्यातलीच काही रानं आज पडीक आहेत. तिथे ऊस नाही, ज्वारी नाही, नीट गवतसुद्धा नाही. लोक म्हणतात, "रानाला मीठ फुटलं."

हे मीठ कुठून आले? ते कोणी आणले? ते परत घालवता येईल का? या तीन प्रश्नांची उत्तरे आपण पाहू या.

आजाराची लक्षणे

उन्हाळ्याच्या दिवसांत अशा रानात जाऊन पाहा. सऱ्यांच्या वरंब्यांवर कोणीतरी पीठ भुरभुरले आहे असे वाटते. बोटाने उचलून जिभेला लावले तर खारट लागते. ही खारवट जमीन.

दुसरी एक जात आहे. तिच्यावर पांढरे काही दिसत नाही. उलट वरची माती काळपट, तेलकट दिसते. पाऊस पडला की पाणी मुरत नाही, दिवस दिवस तसेच साचून राहते. ओली असताना ती नांगराला चिकटते. वाळली की दगडासारखी होते आणि तिला भेगा पडतात. ही चोपण जमीन. खारवट जमिनीपेक्षा ही अधिक हट्टी. पुष्कळ ठिकाणी दोन्ही रोग एकत्रही असतात.

पीक आधीच इशारा देत असते. हरभरा, मूग, उडीद, घेवडा यांना मीठ मुळीच सोसत नाही. ती पिके आधी बसतात. उसाची उगवण विरळ होते. पानांचे शेंडे करपतात. खोडवा नीट फुटत नाही. शेतात जागोजागी टकलासारखी रिकामी जागा दिसते. शेतकरी म्हणतो, "बेणं वाईट निघालं." पुढच्या वर्षी तो बेणे बदलतो, खताच्या दोन गोण्या वाढवतो, पाण्याच्या पाळ्या वाढवतो. रोग वेगळा आणि औषध वेगळे, असे होते. अशा औषधाने रोग वाढतो.

पाण्यातले मीठ

आता पहिला प्रश्न. हे मीठ आले कुठून?

घरातला जुना माठ किंवा रांजण पाहा. त्याच्या बाहेरच्या अंगाला पांढरी पुटे धरलेली दिसतात. आपण माठात कधी मीठ टाकले का? नाही. आपण गोडे पाणीच भरले. ते पाणी माठातून पाझरून बाहेर आले. हवेने पाण्याची वाफ झाली. पाणी उडून गेले, पण पाण्यात विरघळलेले क्षार उडाले नाहीत. ते माठाला चिकटून राहिले.

जमिनीचे तसेच होते. पाणी कितीही गोड असो, त्यात थोडेतरी क्षार असतातच. पाऊस खडकावरून, मातीवरून वाहत येतो आणि त्यातले क्षार सोबत आणतो. नदीच्या पाण्यात ते कमी असतात. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात जास्त असतात.

एक हिशेब करू या. पाटी-पेन्सिल घ्या. समजा, विहिरीच्या एका लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम क्षार आहेत. असे पाणी पिताना खारट लागत नाही. उसाला सरीभर पाणी द्यायची चाल असेल, तर वर्षात एकरी 60 लाख लिटर पाणी सहज जाते. आता 60 लाखांचे निम्मे करा. 30 लाख ग्रॅम झाले. म्हणजे 3,000 किलो. म्हणजे 50 किलोची 60 पोती!

एका एकरात, एका वर्षात, 60 पोती क्षार आपण आपल्याच हाताने टाकतो. पाणी ऊस पितो, ऊन पिते. क्षार ऊस फारसे घेत नाही, ऊन तर मुळीच घेत नाही. ते मातीत राहतात. मग वीस वर्षांचा हिशेब काय होईल, तो तुम्हीच करून पाहा.

कोणी आबा विचारतील, "मग पूर्वी कसं मीठ फुटत नव्हतं? आमच्या आज्यानं पण विहिरीवर ऊस केला होता."

आबांचा प्रश्न बरोबर आहे. पण आजोबा मोटेने पाणी काढत. बैल दमत, माणूस दमे. पाणी मोलाचे होते, म्हणून ते बेताने दिले जाई. ऊसही थोडाच असे. त्याच्यानंतर रानात दुसरे पीक येई, रान काही महिने उघडे पडे, तापे, त्याला विसावा मिळे. आता मोटार आली. मोटार दमत नाही. लागण, खोडवा, पुन्हा लागण, असे वर्षानुवर्षे एकच पीक त्याच रानात उभे असते. जमीन कधी वाळतच नाही.

दिव्याच्या वातीसारखे

पण आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. क्षार पाण्याबरोबर खाली गेले आणि खालीच राहिले तर पिकाला त्रास नसतो. ते पुन्हा वर का येतात?

याचे उत्तर देवापुढच्या दिव्यात आहे. तेल खाली असते, ज्योत वर असते. वातीतून तेल आपोआप वर चढते. काळी माती ही अशीच वात आहे. तिचे कण फार बारीक असतात. कणांच्या मधल्या बारीक वाटांनी पाणी वर चढू शकते.

आपण दिलेले जादा पाणी खाली जाते. खाली मुरमाचा सच्छिद्र थर असेल तर ते निघून जाते. पण नदीकाठी कित्येक ठिकाणी वीस-वीस, तीस-तीस फूट काळी चिकण मातीच असते. तिच्यातून पाणी फार सावकाश हलते. पाण्याला बाहेरची वाट नसते. मग ते खाली साठत जाते. पहिल्यांदा पंधरा फुटांवर, मग दहा फुटांवर, मग पाच फुटांवर. जमिनीतले पाणी पाच-सहा फुटांच्या आत आले, की समजावे धोका आला. तेवढ्या अंतरावरून वात काम करू लागते. पाणी वर चढते, त्याच्याबरोबर पोटातले क्षार वर चढतात. ऊन पाणी घेऊन जाते. क्षार मुळांजवळ राहतात.

मुळांना दुसराही त्रास होतो. रानात वाफसा असला म्हणजे मुळांना पाणी मिळते आणि हवाही मिळते. पाणथळ रानात सगळी जागा पाण्याने भरलेली असते. मुळांना श्वास घेता येत नाही. ती कुजतात. भोवताली पाणी असून पीक तहानलेले दिसते. पाण्यात क्षार फार झाले, की ते मुळांना ओढताच येत नाही. समुद्रातल्या माणसाला भोवती पाणी असून पिता येत नाही, तशी उसाची गत होते.

पाऊस भरपूर असता तर त्याने क्षार धुऊन नेले असते. कोकणात डोंगरउताराच्या जमिनीत मीठ साठत नाही, कारण तिथे शंभर इंच आणि त्याहून जास्त पाऊस पडतो. आपल्या उसाच्या पट्ट्याच्या पूर्वेकडच्या भागात पाऊस वीस-पंचवीस इंचांच्या आसपास. तेवढ्याने ही धुलाई होत नाही.

नीरेच्या कालव्याची हकिकत

हा आजार आजचा नाही. आपल्या महाराष्ट्राने तो एकदा नीट पाहिला आहे. ती हकिकत ऐकण्यासारखी आहे.

पुणे जिल्ह्यात पुरंदर आणि बारामती हा कमी पावसाचा मुलूख. 1876 ते 1878 या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. माणसे आणि जनावरे अन्नपाण्यावाचून मेली. अशा मुलखाला पाणी मिळावे म्हणून नीरा नदीवर डावा कालवा काढण्यात आला. 1885 साली त्याला पाणी सुटले. बाजरी-जोंधळ्याच्या रानात ऊस डोलू लागला. गुऱ्हाळे सुरू झाली. लोकांना वाटले, आता दैन्य संपले. आणि खरोखरच पुष्कळांचे संपले. पाण्याने माणसे जगली हे विसरून चालणार नाही.

पण पाणी आणण्याची वाट केली, ते काढून देण्याची वाट केली नाही. कालवा पाझरत होता. उसाला पाणी भरमसाट दिले जात होते. सखल रानात दलदल होऊ लागली, मीठ फुटू लागले. तेव्हा पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रमुख डॉ. हॅरोल्ड मॅन हे होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरेच्या खोऱ्यात हिंडून या जमिनी तपासल्या. 1910 साली त्यांनी त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. पाणी आले 1885 साली, आणि बिघडलेल्या जमिनींचे पुस्तक निघाले 1910 साली. पुरी पंचवीस वर्षेसुद्धा जमिनीने दम धरला नाही!

त्याच सुमारास मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे मोठे इंजिनिअर मुंबई इलाख्यात नोकरीला होते. कालव्याच्या पाण्यासाठी त्यांनी 'ब्लॉक पद्धत' सुचवली. पद्धत सोपी होती. जमिनीचे गट पाडायचे. एका गटात थोड्या भागातच ऊस घ्यायचा. बाकीच्या भागात कमी पाण्याची पिके घ्यायची. आणि ही पिके आळीपाळीने फिरवायची. म्हणजे पाणी जास्त गावांना पुरते आणि एकाच रानात सतत पाणी मुरत नाही.

पुढे 1916 साली मुंबई सरकारने पाणी देण्याच्या रीती आणि जमिनीचा निचरा यांच्या अभ्यासासाठी एक खास विभाग काढला. पुण्याजवळ खडकवासल्याला आज देशातली जी मोठी जलसंशोधन संस्था आहे, तिचा जन्म या छोट्या विभागातून झाला. आता त्या संस्थेत धरणांचे, नद्यांचे, बंदरांचे प्रश्न सोडवतात. पण तिच्या मुळाशी आपल्या शेतातल्या तुंबलेल्या पाण्याचा प्रश्न होता.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी रोग कळला होता आणि उपायही कळला होता. तरी रोग पसरला. कृष्णा-वारणेच्या काठी मागाहून उपसा सिंचन योजना झाल्या, साखर कारखाने झाले, आणि तिथेही तीच हकिकत पुन्हा घडली. असे का व्हावे?

दोष कोणाचा?

"शेतकरी अडाणी आहे, म्हणून जास्त पाणी देतो," असे शहरातले लोक म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. शेतकरी असे का करतो, ते पाहिले पाहिजे.

कालव्याची पाळी कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून पाणी आले की माणूस मिळेल तेवढे घेऊन ठेवतो. पाणीपट्टी बहुधा एकरावर बसते. कमी पाणी घेतले तरी पैसे तेवढेच. मग कमी कशाला घ्यायचे? शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते. रात्री साप-विंचवाच्या भीतीत सरीवर उभे कोण राहणार? मोटार चालू करून माणूस घरी येतो. पहाटेपर्यंत पाणी वाहत राहते. आणि उसाला कारखाना हे ठरलेले गिऱ्हाईक असते. कांद्या-टोमॅटोला ते नसते. म्हणून माणूस ऊस सोडत नाही.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. वरच्या अंगाचा शेतकरी जादा पाणी देतो. पण मीठ त्याच्या रानात फुटत नाही. पाणी जमिनीच्या पोटातून उताराने खाली जाते आणि सखल रानात वर येते. वरच्याचे पाणी आणि खालच्याचे मीठ! वरचा उत्तम पीक काढतो. त्याला वाटते, खालचा आळशी आहे. खालचा नशिबाला बोल लावतो. दोघांच्या मधे जे पाणी वाहते, ते कोणालाच दिसत नाही.

त्यातच ओढे-नाले बुजवण्याची चाल पडली. गावाचे सारे जादा पाणी ओढ्यातून नदीला जाई. कोणी बांध सारला, कोणी ओढ्याच्या पात्रात दोन सऱ्या वाढवल्या. अर्धा गुंठा मिळाला, पण दहा एकरांच्या पाण्याची वाट बंद झाली.

खताची बाजू

पाण्यासारखीच खताची गोष्ट आहे. रासायनिक खत वाईट नाही. त्याने देशाचे धान्य वाढले. पण 'एक गोणीने इतके आले, दोनने दुप्पट येईल' हा हिशेब जमिनीला लागू पडत नाही.

युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 21 किलो नत्र असते. बाकीचा भाग पिकाच्या कामाचा नसतो. त्या 21 किलोंतलेही सगळे पिकाला मिळत नाही. सरीभर पाणी सोडले की बरेचसे विरघळून खाली जाते. पैसे आपले, आणि खत विहिरीला! विहिरीच्या पाण्यात त्याचे नायट्रेट होते. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे आपल्या देशाचे प्रमाण आहे. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला ते फार घातक असते. बाळाचे रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही आणि बाळ निळे पडते. पाणी उकळून हा दोष जात नाही, उलट नायट्रेट आणखी दाट होते. म्हणून बाळाच्या पाण्यासाठी विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. मोठ्या माणसांनीही जादा नायट्रेटचे पाणी टाळावे.

उरलेले खत ओढ्यातून नदीत जाते. नदीत जलपर्णी माजते, त्यालाही हे खत कारण होते. ऊस पोसण्यासाठी आणलेले खत असे जलपर्णी पोसते.

जमिनीचा जीव शेणखतात, पालापाचोळ्यात आहे. त्यांनी माती भुसभुशीत राहते. गांडुळे आणि डोळ्यांना न दिसणारे जीव तिच्यात नांदतात. पाणी मुरायला वाटा राहतात. ऊस तुटला की आपण पाचट पेटवून देतो. एकरी तीन-चार टन पाचट निघते. ते जाळणे म्हणजे घरातले धान्य जाळण्यासारखे आहे. पाचट सरीत पसरून ठेवले तर ते कुजून खत होते. शिवाय ते जमिनीवर गोधडीसारखे पडून राहते. ऊन थेट लागत नाही, पाणी कमी उडते, आणि वातीने वर येणारे मीठही कमी होते.

आधी वाट, मग औषध

आता तिसरा प्रश्न. हे मीठ घालवता येते का? येते. पण क्रम चुकता कामा नये.

पहिले काम पाण्याला वाट करून देण्याचे. निचऱ्याशिवाय बाकीचे सगळे उपाय फुकट आहेत. शेताच्या सखल अंगाला तीन-चार फूट खोल उघडा चर काढावा आणि तो ओढ्याला जोडावा. उघड्या चरात जमीन जाते आणि तो दरवर्षी साफ करावा लागतो. म्हणून आता जमिनीखाली भोके असलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या घालतात. नळीभोवती जाळीदार कापड गुंडाळतात, म्हणजे माती आत जात नाही. जमिनीतले खारे पाणी नळीत झिरपते आणि उताराने बाहेर जाते. वरून नांगर चालतो, पीकही येते.

दुसरे काम धुण्याचे. निचरा झाला की पावसाचे पाणी बांध घालून शेतात अडवावे. ते वरून क्षार विरघळवत खाली जाते आणि नळीतून बाहेर पडते. नुसती खारवट जमीन एवढ्याने सुधारू लागते.

तिसरे काम चोपण जमिनीसाठी. तिथे सोडियम नावाचा क्षार मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. पाहुण्याने घर बळकवावे तसा. तो नुसत्या पाण्याने उठत नाही. तिथे जिप्सम घालावे लागते. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला उठवतो आणि त्याची जागा घेतो. उठलेला सोडियम मग पाण्याबरोबर जातो. जिप्सम किती घालायचे ते माती तपासल्यावरच ठरते. शेजाऱ्याने पाच पोती घातली म्हणून आपण पाच घालू नयेत. आणि निचरा नसेल तर जिप्सम घालून उपयोग नाही. उठलेल्या पाहुण्याला दारच उघडे नसेल तर तो जाणार कुठे?

चौथे काम हिरवळीच्या खताचे. पावसाळ्याच्या तोंडाला धैंचा किंवा ताग पेरावा. फुलावर आला की, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी, तो जमिनीत गाडावा. खाऱ्या जमिनीत धैंचा चांगला तग धरतो.

पाचवे काम पाणी मोजून देण्याचे. ठिबकने पाणी मुळाशी, थोडे थोडे मिळते. ठिबक परवडत नसेल तर एक आड एक सरीला पाणी द्यावे. वाफसा पाहून पाणी द्यावे, तारीख पाहून नव्हे. आणि उसानंतर पुन्हा ऊस न घेता मधे दुसरे पीक घ्यावे.

एकट्याचे काम नव्हे

एक तात्या म्हणतील, "हे सगळं खरं. पण माझं रान दीड एकर. चर काढला तर पाणी शेजारच्याच्या रानात जाणार. तो भांडायला उठेल."

तात्या, हाच खरा मुद्दा आहे. बियाणे एकट्याने आणता येते, खत एकट्याने घालता येते. निचरा एकट्याने होत नाही. पाणी सातबारा पाहून वाहत नाही. ते उतार पाहून वाहते. म्हणून उताराच्या बाजूचे सगळे शेतकरी एका बैठकीत बसले पाहिजेत. वरच्यानेही आले पाहिजे. त्याच्या रानात आज मीठ नाही, पण खालच्याच्या रानात त्याचेच पाणी आहे.

हे होऊ शकते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी साखर कारखान्याच्या पुढाकाराने एकत्र येऊन हे काम हाती घेतले. शेतांत जमिनीखाली नळ्या घातल्या. सगळ्यांचे पाणी एका मोठ्या नळीत आणले आणि ते बाहेर काढून दिले. कित्येक वर्षे पडीक राहिलेल्या रानात पुन्हा पिके उभी राहिली. सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रज येथे कृषी संशोधन केंद्र आहे. तिथेही अशा जमिनींवर काम चालते.

मात्र खर्च थोडा नसतो. बिघडलेली जमीन सुधारायला पैसा लागतो, वर्षे लागतात. चांगली जमीन चांगली ठेवायला मात्र फक्त हात आखडता घ्यावा लागतो. ज्याच्या रानात अजून मीठ फुटलेले नाही, त्याने हे आजच ध्यानात घ्यावे.

आता आपण कागद वाचू शकतो

पूर्वी माती तपासून कागद आला, तर तो खतवाल्या दुकानदाराकडे न्यावा लागे. तो वाचील ते खरे. आता आपल्याला वाचता येते. आकडे कळतात. म्हणून हा कागद आपणच वाचावा.

2015 सालापासून सरकार जमीन आरोग्य पत्रिका देते. माती तपासायला देताना शेतात आठ-दहा ठिकाणची माती घ्यावी, ती एकत्र करावी आणि त्यातली अर्धा किलो पाठवावी. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घेऊ नये.

पत्रिका आली की तीन आकडे आधी शोधा.

पहिला आकडा सामू. तो सातच्या आसपास असेल तर जमीन उत्तम. साडेआठच्या वर गेला तर चोपणपणाची शंका घ्या.

दुसरा आकडा क्षारता. तो 1 पेक्षा कमी असावा. वर चढू लागला तर मीठ साठू लागले आहे.

तिसरा आकडा सेंद्रिय कर्ब. तो 0.5 टक्क्यापेक्षा कमी असेल तर जमीन शेणखताला, पाचटाला भुकेली आहे.

हे आकडे वहीत लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासा आणि शेजारी नवे आकडे लिहा. आकडा कोणत्या बाजूला सरकतो आहे, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. पांढरे मीठ डोळ्यांना दिसायच्या आधी ते वहीत दिसते.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. रानाच्या सखल भागात सहा फूट खोल भोक पाडा. त्यात भोकांची नळी उभी करा. महिन्यातून एकदा दोरीला दगड बांधून आत सोडा आणि पाणी किती फुटांवर लागते ते मोजा. तेही वहीत लिहा. पाणी वर वर येत असेल तर पाळ्या कमी करा आणि शेजाऱ्यांना बोलावून वही दाखवा.

जमीन आपल्याला वडिलांकडून मिळाली, आणि मुलांकडे जायची आहे. मधल्या काळात तिचा सांभाळ आपल्याकडे आहे. मुलाच्या नावावर दोन एकर लिहून दिले आणि त्यावर मीठ असले, तर आपण त्याला काय दिले?

वाचल्यावर विचार करा

1. माठाच्या बाहेरच्या अंगाला पांढरी पुटे का धरतात?
2. खारवट आणि चोपण जमिनीत फरक काय?
3. नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी केव्हा सुटले? त्यानंतर किती वर्षांनी बिघडलेल्या जमिनींची पुस्तिका निघाली?
4. निचरा न करता जिप्सम घातले तर काय होईल?
5. आपल्या गावातले जादा पाणी कोणत्या ओढ्याने जाते? तो ओढा आज मोकळा आहे का? वर्गातल्या चार जणांनी मिळून जाऊन पाहावे आणि पुढच्या दिवशी सर्वांना सांगावे.